बत्तीस मसाले मोजून दाखवा

आठवडाभरात एकच मेसेज मला चौघींनी पाठवला. वर ठळक अक्षरात ‘हॉटेलसारखी सावजी घरी का होत नाही’ आणि खाली पाच कारणं: बत्तीस गुप्त मसाले असतात, तर्रीत (रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तेलात) रंग घालतात, अजिनोमोटोशिवाय ती चव येत नाही, मसाल्याचा हात सढळ लागतो आणि भट्टीची आंच घरच्या गॅसला नाही. शेवटी सल्ला, घरी खटाटोप करू नका, पार्सल आणा. माझ्या धाकट्या जावेने ते मनावर घेऊन उमरेडहून पार्सल आणवलंसुद्धा. गावात पोचेपर्यंत रस्सा पिशवीत निवून गेला होता आणि अर्धी तर्री पिशवीलाच चिकटून बसली होती. तेव्हा म्हटलं, आता लिहायलाच पाहिजे.

मुळात गाडी उलटी जुंपली आहे. सावजी ही नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरची भाजी. चुलीवर, घरच्या बायांच्या हातची. हॉटेलवाल्यांनी ती तिथून उचलली, आणि आता तीच घरी होत नाही म्हणता?

आता ते बत्तीस. मी मोजायला बसले: धने, जिरं, शहाजिरं, मिरे, लवंग, दालचिनी, विलायची, मोठी विलायची, जायपत्री, चक्रीफूल, तेजपान, दगडफूल, नागकेशर, खसखस, तीळ, खोबरं. झाले सोळा. मीठ, हळद, तिखट, अद्रक, लसूण आणि कांदा धरले तरी गाडी बावीसवर थांबते. यातलं गुप्त काय आहे? आठवडी बाजारात मसालेवाल्यासमोर पोत्यांची तोंडं उघडीच असतात. लोकांना कोडं पडतं ते दगडफुलाचं. ते फूल नव्हे, बुरशी आणि शेवाळ यांची जोडगोळी, दगडावर नाहीतर झाडाच्या सालीवर वाढते. कच्चं हुंगलं तर जुन्या माळ्याच्या धुळीसारखं लागतं. चमचाभर तेलात परतलं की सावजीचा तो ओळखीचा, थोडा धुरकट वास लगेच येतो.

चूक होते ती भाजण्यात. त्या पार्सलनंतर जावेने चिडून सगळे मसाले एकाच कढईत ओतले आणि मोठी आंच केली. पाच मिनिटांनी हाक आली, “बाई, हे तं जयलं!” मी म्हटलं, “जयंन नाही तं काय, खसखशीले अन् धन्याले एकच टाइम लागते का व?” खसखस काळी पडली होती आणि धने दाताखाली कच्चेच होते. आता आमच्याकडे असं चालतं: मंद आंचेवर आधी धने, त्यांचा रंग किंचित बदलून वास सुटला की काढायचे. मग लवंग-मिरे-दालचिनी, मग जिरं, खोबरं वेगळं. खसखस अगदी शेवटी, आंच बंद करून तापल्या कढईत, हलवत राहायचं. थंड झाल्याशिवाय वाटायचं नाही, नाहीतर वाफेने मसाला ओला होतो. आणि लागेल तेवढाच वाटायचा. वाटलं की वास उडायला लागतो, म्हणून सहा महिन्यांची पुडी उघडून ‘हॉटेलसारखं लागत नाही’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

रंगाचं म्हणाल तर काही जण घालतही असतील. गरज मात्र नसते. मिरचीचा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आमच्या बाजूला भिवापुरी मिरची, रंगालाही चांगली आणि तिखटालाही. तिखट कढत तेलात टाकलं की काळं पडतं आणि घरभर ठसका. मी स्वतः एकदा असं करून सासूबाईंना अंगणात पळवलं होतं. तेल जरा निवू द्या, तिखट घाला, लगेच वाटलेला कांदा घाला. पारंपरिक सावजीत जवसाचं तेल. ते लवकर खवट होतं, म्हणून थोडंथोडंच आणावं.

तर्री यायला घाई चालत नाही. हे त्या मेसेजात कुठेच नाही. कांद्यात पाणी भरपूर असतं, ते आटल्याशिवाय तो तांबूस होत नाही. अर्धा किलो कांद्याला अर्धा तास सहज लागतो. हॉटेलात हा कांदा-खोबऱ्याचा मसाला सकाळीच मोठ्या पातेल्यात परतून ठेवलेला असतो. आपण सात वाजता कांदा चिरतो आणि आठ वाजता ताट मागतो. मसाल्याच्या कडेने तेल सुटलेलं दिसेपर्यंत पाणी ओतू नका, आणि ओताल ते गरमच. रस्सा पातळ वाटला तर भाजलेलं ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून लावा.

अजिनोमोटोवर दोन वाक्यं पुरे. 1908 साली किकुनाए इकेदा या जपानी प्राध्यापकाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ती चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं. ते विषही नाही (अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासन त्याला मीठ-बेकिंग पावडरच्याच रांगेत बसवतं) आणि सावजीला लागतही नाही, कारण तेच ग्लुटामेट शिजलेल्या टमाटरात आणि मटणाच्या रश्श्यात आपसूक असतं.

सढळ हाताचा सल्ला मात्र भाजी बिघडवतो. लवंगेत युजेनॉल असतं, दाढ दुखल्यावर लवंगेचं तेल लावतात ते त्याच्यामुळेच, जीभ बधिर करतं. किलोभर मटणाला मी पाच-सहा लवंगा घालते. एकदा पाहुण्यांसाठी मूठभर घातल्या, तर सगळे कौतुकाने जेवले आणि कोणालाच चव कळली नाही. पानांचं गणित वेगळं: गोडलिंब (कढीपत्ता) फोडणीत, कारण त्याचा वास तेलात उतरतो. सांभार, म्हणजे कोथिंबीर, आंच बंद केल्यावर, कारण उकळत्या रश्श्यात त्याचा वास दोन मिनिटंही टिकत नाही. काड्या फेकू नका, वाटणात घाला.

राहिली भट्टी. चायनीजच्या कढईला तसली आंच लागते, कबूल. तंदूर रोटीही आपल्या तव्यावर तशी होत नाही, मी तीनदा करून पाहिली, तिन्ही वेळा पापड झाला. पण सावजीला मंद आंचच लागते, आणि ती घरच्या गॅसच्या लहान बर्नरवर हॉटेलच्या भट्टीपेक्षा नीट मिळते. रोटीऐवजी ज्वारीची भाकर करा. जावेने परवा दुसऱ्यांदा मसाला भाजला, या वेळी खसखस शेवटी टाकली, आणि तो मेसेज पाठवणाऱ्या चौघींपैकी दोघींना जेवायला बोलावलं आहे.