शेततळे खोल करावे की रुंद : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आपला आक्षेप असा की, वाढीव मातीचे घनमीटर काढून त्यांना 50 रुपयांनी गुणले की शेततळे वाढवण्याचा खर्च मिळतो आणि मी तो उगाच फुगवून सांगितला. शिवाय, खोलीपेक्षा लांबी-रुंदी वाढवणे स्वस्त असूनही मी ते लपवले, असेही आपण म्हणता.

30 बाय 30 मीटर तोंडाचे, 3 मीटर खोल आणि एकास एक उताराचे (मीटरभर खाली जाताना बाजू मीटरभर आत येते असे) तळे घ्या. 'मागेल त्याला शेततळे' योजनेत हेच माप सर्वांत मोठे होते. त्यात 2,196 घनमीटर पाणी मावते. तोंड तेवढेच ठेवून खोली 5 मीटर केली, तर उतारामुळे तळ आक्रसतो आणि क्षमता साधारण 3,167 घनमीटर होते, म्हणजे वाढ 971 घनमीटरची. आपल्या हिशेबाने खर्च 49 हजारांच्या आत बसतो. मात्र तळ्याच्या मध्यापर्यंत काठावरून पोकलेनचा हात पोहोचत नाही; यंत्र आत उतरवायला एक बाजू फोडून रस्ता करावा लागतो, माती दोनदा उचलावी लागते आणि काम संपल्यावर ती बाजू पुन्हा भरून दाबावी लागते. मुरूम संपून कठीण खडक लागला, तर खडक फोडणारा ब्रेकर आलाच. म्हणून खालच्या खोदाईला मी दुप्पट दर धरला होता. सुमारे 97 हजार.

खरा भार कागदाचा, म्हणजे पाणी जिरू नये म्हणून तळ्यात अंथरायच्या प्लॅस्टिकच्या अस्तराचा आहे. उन्हाने कडक झालेल्या जुन्या कागदाला नवा कागद भरवशाने जोडला जात नाही, त्यामुळे कागदाची कड पुरायच्या काठावरच्या चरासह सुमारे 1,230 चौरस मीटर अस्तर नव्याने घालावे लागते. चौरस मीटरला 100 रुपये धरले, तरी 1,23,000 होतात. (ठेकेदार पहिल्या बोलणीत कागदाचा विषय सहसा काढत नाहीत.) वाढीव घनमीटर असा सुमारे 227 रुपयांना पडतो.

रुंदीबाबत आपले म्हणणे निम्मे बरोबर आहे. तोंड 40 बाय 40 केले, तर 1,920 घनमीटर वाढतात आणि आपल्याच दराने, कागद धरून, घनमीटर साधारण 151 रुपयांना पडतो. पण उघडे पाणी 700 चौरस मीटरने वाढते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात रोज 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर भरलेल्या तळ्यातून दिवसाला 5,600 लिटर जादा उडून जाते. पातळी उतरेल तसे ते थोडे कमी होते, इतकेच. मे महिन्यात हाती राहणाऱ्या पाण्यावर खर्च वाटला, की स्वस्ताई बरीचशी विरते; आणि सात गुंठे जमीन जाते ती वेगळीच, त्यात काठावरच्या भरावाची जागा मी धरलेली नाही.

जमीन पडीक असेल, तर रुंदीच घ्यावी. बागायती जमिनीत खोली घ्यावी, पण आधी शेजारच्या विहिरीच्या कडेला मुरूम किती खोलीवर संपतो ते पाहावे आणि मगच पोकलेनवाल्याशी दर ठरवावा.