क्रीडा प्रशिक्षक व्हायचंय? आधी कोन मोजून घ्या

मुंबईत क्रीडा प्रशिक्षकाची नोकरी कशी मिळवावी, हे सांगायला सध्या माझ्याइतका लायक माणूस नाही. गेल्या गुरुवारीच ती मला मिळाली नाही. अनुभव ताजा आहे, गरम आहे तोवर वाढून टाकतो.

आधी शिक्षण. बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करा. मग पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून, म्हणजे आपल्या एनआयएसमधून, डिप्लोमा करा. 1961 पासून देशभरचे प्रशिक्षक तिथे घडतायत. तिथल्या थंडीत पहाटे मैदानावर उभं राहिलेल्यालाच त्या कागदाची किंमत कळते. तो लॅमिनेट करा, फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा. मुलाखत घेणाऱ्या मॅडम तो बघून विचारतील, "पटियाला? म्हणजे तुम्ही पंजाबी का?" माझ्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. तरी मी हसलो. तुम्हीही हसा, हसण्याला मार्क असतात.

कोणता खेळ शिकवता असं विचारलं तर चुकूनही खो-खो म्हणू नका. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपले पुरुष आणि महिला दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, हे सगळं जिभेवर आलं तरी गिळा. 'अ‍ॅजिलिटी कोच' म्हणा. खांब धरून वळण्याला 'रोटेशनल मूव्हमेंट' म्हणा. मी बावळटासारखा 'खो-खो' म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "ओ, सो क्यूट! माझी आई खेळायची."

'गुडघ्यात वाक' हे इंग्रजीत सांगता आलं पाहिजे. मूल वाकलं की नाही, ते नंतर बघू.

पगाराचा विषय काढू नका. त्यांना वाईट वाटतं.

मैदान कुठे आहे, हेही विचारू नका. शाळेला मैदान हवं असं 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलंय, पण ते तुम्ही वाचलंय हे कळू देऊ नका. मला दाखवलं ते पाचव्या मजल्यावरच्या गच्चीतलं हिरवं टर्फ. खो-खोचे खांब कुठे रोवू, असं विचारल्यावर तिथला शिपाई म्हणाला, "सर, स्लॅब गळेल." त्या अख्ख्या इमारतीत धड बोललेला तो एकटाच.

पालकांना रोज व्हिडिओ पाठवा. मुलाला घाम आलाच, तर तो कॅमेऱ्याच्या बाजूने यावा.

आता डेमो. डेमोशिवाय नोकरी नाही. डेमो म्हणजे तुम्ही शिकवायचं, त्यांनी बघायचं, आणि 'कळवतो' म्हणायचं. हे फक्त आपल्याच धंद्यात चालतं बरं का. दादर स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याला म्हणून बघा, "पाच दिवस डेमो दे, आवडला तर सहाव्या दिवसापासून पैसे." तो झारा घेऊन अंगावर येईल. प्रशिक्षकाने मात्र शिट्टी घेऊन यायचं.

माझा डेमो एक तासाचा ठरला होता. तास संपला तशा मॅडम म्हणाल्या, "मुलं किती एन्जॉय करतायत! उद्याही याल?" उद्याचं परवा झालं, परवाचं तेरवा. नालासोपाऱ्याहून रोज चारला उठून मी लोकल पकडत होतो. पाठीवर मैदानात खुणेला मांडायचे कोन, दोरीची शिडी, रबरी चेंडू, सगळं माझंच, कारण शाळेचं साहित्य 'ऑर्डर केलंय, ऑन द वे आहे'. गच्चीवर 40 मुलं. एप्रिल महिना. टर्फ असं तापतं की नऊ वाजता पोरं एका जागी उभी राहत नाहीत. तेवढीच काय ती अ‍ॅजिलिटी. प्रथमोपचाराची पेटी मागितली, तर ती तळमजल्यावर कुलपात आणि किल्ली रजेवर. एका मुलीचा गुडघा खरचटला, तो मी माझ्या पाण्याच्या बाटलीने धुतला. पाच दिवसांत मला चहा मिळाला दोनदा, त्यातला एक गार.

चौथ्या दिवशी नातवाला सोडायला आलेल्या एका आजींनी मला अडवलं. "काय हो सर, तीन हजार फी घेता आणि प्यायच्या पाण्याची सोय नाही?"

कसली फी, आजी?

त्यांनी मला हाताला धरून गेटपाशी नेलं. येताना मी रोज मागच्या जिन्याने यायचो, त्यामुळे फलक दिसला नव्हता. 'समर कॅम्प, पाच दिवस, एक्स्पर्ट कोच.' एक्स्पर्ट कोच म्हणजे मी. फोटो कुणा गोऱ्या माणसाचा. 40 मुलं गुणिले 3,000. करा हिशोब. माझा फुकटचा डेमो 1,20,000 रुपयांना विकला गेला होता, आणि त्याचं गिऱ्हाईक मलाच पाण्याबद्दल झापत होतं.

मुलाखतीत आदर्श कोण असं विचारतात. मी रमाकांत आचरेकर सरांचं नाव सांगितलं होतं. "वा, आम्हालाही तेच कल्चर आणायचंय," मॅडम म्हणाल्या. सचिन फलंदाजी करायचा तेव्हा शिवाजी पार्कवर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. बाद करणाऱ्याला ते मिळायचं, नाबाद राहिला तर त्याला. सरांच्या खिशातून पोरांच्या हातात, असा तो रुपया जायचा. इथे तो पोरांच्या घरून थेट ट्रस्टींच्या खात्यात. आलं कल्चर.

मग पुढचे दहा दिवस ऑफिसात खो-खो रंगला. मॅडमनी कोऑर्डिनेटरला खो दिला, कोऑर्डिनेटरने एचआरला, एचआरने ट्रस्टींना. खेळात खो मिळाला की उठून पळावं लागतं. इथे एकही जण जागचा हलला नाही. गुरुवारी फोन आला. "सर, मॅनेजमेंटने यंदा स्पोर्ट्स एका अ‍ॅकॅडमीला दिलंय. तुम्ही त्यांच्याकडे ट्राय करा ना. त्यांचाही डेमो असतो."

तर सल्ला असा की... नाही, नाही जमत आता गोड बोलायला.

अहो, लाज वाटू द्या थोडी. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तुम्ही जाताना पैसे देता, 'मॅनेजमेंटशी बोलून कळवतो' म्हणत नाही. माझ्या तासाचे द्या. पाच दिवसांचे द्या. आणि पालकहो, तुम्हीसुद्धा. फी भरताना कॅम्पमध्ये टी-शर्ट मिळणार का, हे विचारलंत. शिकवणारा कोण आहे, हे किती जणांनी विचारलं? माझी पोलिस पडताळणी कोणी मागितली नाही. आधारकार्डसुद्धा पाहिलं नाही. तुमची 40 लहान मुलं पाच दिवस एका अशा माणसाच्या ताब्यात होती, ज्याचं पूर्ण नावही शाळेच्या कुठल्या वहीत नाही. मी बरा माणूस निघालो हे तुमचं नशीब, शाळेची कर्तबगारी नाही.

आणि आपल्यातले ते, जे 'तेवढंच एक्स्पोजर' म्हणत उद्या त्या अ‍ॅकॅडमीच्या डेमोला रांगेत उभे राहतील. तुम्ही फुकट जाता म्हणून मला फुकट बोलावतात. हो, मीही गेलो. पाच दिवस गेलो. म्हणूनच ओरडतोय.

राहता राहिले माझे कोन. "उद्या लागतील, असू द्या इथेच," म्हणून शेवटच्या दिवशी गच्चीवर ठेवून घेतलेत. 12 नारंगी, 12 पिवळे. धोबी तलावच्या दुकानातून घेतलेत, बिल आहे माझ्याकडे. सोमवारी न्यायला येतोय, आणि या वेळी पुढच्या गेटने येणार आहे. 24 आहेत. मोजून ठेवा.