‘कार्यक्रम कशाला, तेवढे पैसे देऊन टाका’ : या मजकुराला उत्तर

सध्या एक मजकूर गटागटांतून फिरतोय. त्याचा आशय असा : कंपन्या, ग्रंथालयं, रुग्णालयं, महाविद्यालयं स्नेहमेळावे आणि स्वयंसेवेचे दिवस भरवतात ते फोटोसाठी. तो खर्च थेट गरजूंना द्यावा. एका दिवसाच्या कामाने काही बदलत नाही. मेळाव्यात माणसं आपापल्या घोळक्यातच उभी राहतात. आणि या सगळ्यात कर्मचाऱ्यांची सुट्टी हकनाक जाते. असे कार्यक्रम आखण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. हा मजकूर वाचून चांगले चाललेले उपक्रम गुंडाळायला निघालेली माणसं मला भेटू लागली आहेत, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देते आहे.

आधी पैशांचं. काही कामांपुरता हा आक्षेप बरोबरच आहे. भिंत रंगवायची असेल तर रंगाऱ्याला पैसे द्यावेत. हौशी हातांनी रंगवलेली भिंत पुन्हा रंगवावी लागते आणि तो भुर्दंड त्या शाळेलाच पडतो. पण प्रत्येक काम पैशाने होत नाही. रक्त कारखान्यात तयार होत नाही. साठवलेल्या तांबड्या पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर जेमतेम ५ ते ७ दिवस. देणगी कितीही मोठी असो, दर आठवड्याला कोणीतरी बाही वर करून बसावंच लागतं. कित्येकजण पहिल्यांदा बसतात ते शेजारच्या टेबलावरचा बसला म्हणून.

लेखनिकाचंही तसंच. अंध विद्यार्थी उत्तर सांगतो, लेखनिक उतरवून घेतो. तिथे तीन तास एका जागी बसणारा, प्रश्न स्वच्छ वाचणारा आणि स्वतःचं शहाणपण न घालता सांगितलेलाच शब्द लिहिणारा माणूस लागतो. तो परीक्षेच्या सकाळी आजारी पडला, तर विद्यार्थ्याने काय करायचं? अशा वेळी संस्थेचा उपयोग कळतो. तिच्याकडे आधी सराव करून घेतलेल्यांची यादी असते, एक अडकला की दुसरा निघतो. एकट्यादुकट्या भल्या माणसाला हे जमत नाही.

‘एका दिवसाने काय होणार?’ या प्रश्नाला १९८६ सालचं एक उत्तर आहे. त्या वर्षी अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर सुमारे २,८०० स्वयंसेवकांनी कचरा उचलला. आजच्या आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहिमेची ती सुरुवात. समुद्र पुढच्या भरतीला नवा कचरा आणून टाकणार, हे त्यांनाही माहीत होतं. पण त्यांनी उचललेल्या वस्तूंची कार्डांवर नोंद केली : कुठली वस्तू, किती नग. किनाऱ्यावर नेमकं काय येतंय, हे त्या नोंदींवरून कळू लागलं. पुढे शंभराहून जास्त देशांत ही मोजणी पोहोचली. एवढ्या मोठ्या किनारपट्टीवर एकाच दिवशी मोजणी करायला पगारी माणसं कुठून आणणार? ते काम एका दिवसाचंच होतं आणि खूप माणसांचंच होतं. आपण आखत असलेलं काम असं आहे का, हे आधी तपासायला हवं; नसेल तर त्या कामासाठी माणसं गोळा करू नयेत.

घोळक्यांचा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला पुरावा आहे. पॉल इन्ग्रॅम आणि मायकल मॉरिस या कोलंबिया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एका मेळाव्याला आलेल्या सुमारे शंभर जणांना त्यांनी इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावले होते, कोण कोणाशी किती वेळ बोलतं हे टिपायला. नवीन ओळखी करायला आलोय, असं लोक आधी सांगत होते. प्रत्यक्षात बराच वेळ ते ओळखीच्यांशीच बोलत राहिले.

म्हणजे नुसतं एका सभागृहात जमवलं की माणसं मिसळतात, हा आयोजकांचा समज चुकीचा आहे. पण यावरून मेळावेच बंद करा असं म्हणणं मला पटत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच सांगून ठेवलंय की वेगवेगळ्या गटांमधली अढी कमी व्हायची तर भेटीत चार गोष्टी हव्यात : बरोबरीचं स्थान, एकच उद्दिष्ट, ते गाठायला एकमेकांची मदत, आणि वरच्यांचा पाठिंबा. मेळाव्याला काम जोडलं की या गोष्टी आपोआप जवळ येतात.

ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांची मोजदाद घ्या. एकाने दाखल क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने नोंदवहीत खूण करायची. जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या की लेखा विभागातले वरिष्ठ आणि नुकती रुजू झालेली मुलगी एका कपाटासमोर येतात. पहिल्या फळीला दोघंही फक्त आकडे बोलतात. मग शाई उडालेली असते म्हणून ती विचारते, “सर, हा एक आहे की सात?” ते चष्मा वर करून पुस्तक उजेडात धरतात आणि दोघं मिळून ठरवतात. तिसऱ्या फळीपर्यंत कोण कुठून आलं, काय वाचतं, इथपर्यंत बोलणं गेलेलं असतं. पुढच्या महिन्यात बिल अडकलं की ती घाबरत ईमेल लिहीत बसत नाही, सरळ त्यांच्याकडे जाते.

अशा ओळखींवर कधीकधी जीवही अवलंबून असतो. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा ७३९ जास्त माणसं दगावली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी लागून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्हींत गरिबी होती, एकटे राहणारे वृद्ध होते, तरी नॉर्थ लॉनडेलमधला मृत्युदर साउथ लॉनडेलच्या सुमारे दहापट निघाला. साउथ लॉनडेलच्या रस्त्यांवर वर्दळ होती, वृद्ध घराबाहेर पडत होते. तिथे हे कोणा संस्थेने घडवलं नव्हतं, हे खरं. पण अशी वर्दळ जिथे उरलेली नाही तिथे कोणीतरी मुद्दाम निमित्त काढावं लागतं, आणि जागा, यादी, माणसं संस्थांकडे असतात.

राहिला सुट्टीचा मुद्दा. तिथे मी मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूने आहे. रविवारी बोलवायचं, वर हजेरी घ्यायची, याला स्वयंसेवा म्हणू नये. पण स्वखुशीने केलेल्या कामाबद्दल २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास वाचण्यासारखा आहे. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती त्यांनी तपासली. ताणतणावाची प्रशिक्षणं, ध्यानाची ॲप वगैरे उपक्रमांत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा अधिक बरे आहेत असं दिसलं नाही. अपवाद होता तो स्वयंसेवेच्या संधींचा. फरक लहान होता, आणि मुळात आनंदी माणसंच अशा कामाला पुढे येत असतील ही शक्यताही उरते. तरीही ॲपवर खर्च करणाऱ्या संस्थेने हा निष्कर्ष गांभीर्याने घ्यावा.

तेव्हा तुमच्या संस्थेचा कार्यक्रम खरोखर पोकळ असेल, तर तो बंद पाडण्याआधी आयोजकांकडे एवढं मागा : काम कामाच्या वेळेत आणि पगारी असावं. न येणाऱ्याला कोणी कारण विचारू नये. काय करायचं हे ज्यांच्यासाठी करायचं त्यांनी सांगावं. जोड्या चिठ्ठ्यांनी लावाव्यात. फोटो ज्यांचा काढायचा त्यांना आधी विचारावं. आणि तीन महिन्यांनी त्या ग्रंथालयाला, त्या शाळेला फोन करून विचारावं, आम्ही पुन्हा यायला हवंय का?