वार्षिक वर्गणीवरून कट्ट्यावर पडलेले दोन तट

कोथरूडला अमृततुल्यासमोरच्या आमच्या कट्ट्यावर गेल्या रविवारी वाद पेटला, तो गणित-विज्ञान शिकवणाऱ्या एका ऑनलाइन सेवेवरून. नुसते व्हिडिओ दाखवण्याऐवजी पडद्यावरच्या तराजूत वजने टाकायला, आलेखाचा उतार बदलायला आणि उत्तर स्वतः शोधायला लावणारी ही सेवा आहे. पहिले सात दिवस फुकट, मग वर्षाची वर्गणी एकरकमी. अण्णाने ती नववीतल्या मुलीसाठी घेतली होती. मुलीने महिनाभरात तिच्याकडे पाठ फिरवली आणि दुसऱ्या वर्षाचे पैसे मात्र कार्डावरून परस्पर वळते झाले, त्यामुळे अण्णाच्या तोंडी ‘लूट’ याखेरीज दुसरा शब्द नव्हता.

हिंजवडीला नोकरी करतो म्हणून ज्याला आम्ही हिंजवडीकरच म्हणतो, तो मित्र मात्र याच सेवेचा समाधानी ग्राहक निघाला. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत बेझचा सिद्धांत (नवी माहिती हाती आल्यावर एखाद्या गोष्टीची शक्यता किती बदलते, ते सांगणारा) सूत्र म्हणून पाठ केला होता, तो कळला मात्र आत्ता, असे त्याचे म्हणणे होते. समजा पडद्यावर 1,000 चौकटी, म्हणजे 1,000 माणसे आहेत आणि त्यांतली 10 आजारी आहेत. चाचणी आजाऱ्यांपैकी 9 जणांना बरोबर पकडते, पण 990 निरोगी माणसांपैकी 9 टक्क्यांना, म्हणजे सुमारे 89 जणांनाही चुकून आजारी ठरवते. चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या 98 जणांत खरे आजारी फक्त 9! आजाराचे प्रमाण बोटाने सरकवून वाढवले की हा आकडा डोळ्यांदेखत कसा बदलतो, हे त्याने इतक्या उत्साहाने सांगितले की चहावाल्यानेही मान वळवली.

सरांना (ते निवृत्त गणित शिक्षक, आणि कट्ट्यावर त्यांचे बोलणे मध्येच तोडण्याची पद्धत नाही) हे पटले नाही. “बोटाने सरकवून सुटलेले गणित कोऱ्या कागदावर मांडता येते का, एवढेच मला सांग,” असे ते म्हणाले. चार पर्यायांतला एक हिरवा होईपर्यंत दाबत राहणारे मूल त्यांनी नातवाच्या रूपाने घरीच पाहिले होते. त्यावर हिंजवडीकराने 2006 सालच्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगाचा आधार घेतला: उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहून काढणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवत होते, आणि ही सेवा तर पावलापावलावर प्रश्नच विचारते. सरांनी तोच प्रयोग त्याच्यावर उलटवला. त्याच प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारेच पुढे होते, तेव्हा स्पष्टीकरण वाचून लगेच दिलेल्या बरोबर उत्तरावरून गणित आले असे मानता येत नाही; मध्ये काळ जाऊ द्यावा आणि मग विचारावे. हा मुद्दा मला बिनतोड वाटला, आणि हिंजवडीकरही क्षणभर गप्प झाला.

अण्णाच्या मुलीचे काय बिनसले, ते खोदून विचारल्यावर कळले. तिला घटक चाचणीसाठी राज्य मंडळाच्या पुस्तकातला धडा हवा होता आणि सेवेवर तर्काची कोडी पुढे येत होती, तीही इंग्रजीत. अडले तर विचारायला समोर माणूस नाही. माझ्या मते या सेवेच्या ग्राहकांत खरी फूट इथेच पडते. स्वतःच्या कुतूहलापोटी पैसे भरणारा खूश असतो, आणि दुसऱ्याच्या गुणांसाठी पैसे भरणारा चिडतो, कारण गुण वाढवून देणे हा त्या मालाचा हेतूच नाही. सरांचे त्यावर म्हणणे असे की कुतूहलासाठी तरी पैसे कशाला मोजायचे? खान अकॅडमी फुकट आहे, कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, फुकट आहेत आणि त्यांतली कितीतरी मराठीतही मिळतात. शिवाय ज्याला गणिताची खरी गोडी आहे त्याच्यासाठी गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी 1976 मध्ये स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान आपल्याच गावात आहे.

पैशांचा प्रश्न बँकेतल्या ताईने हाती घेतला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 1 ऑक्टोबर 2021 पासून अशी आवर्ती रक्कम कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते, आणि जून 2022 पासून 15,000 रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही. अण्णाने मोबाइल चाळला, तर कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत तो संदेश खरोखरच सापडला. “अहो, ॲप तर मी केव्हाच काढून टाकले होते!” या त्याच्या तक्रारीवर ताई म्हणाली, “ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही, अण्णा. जिथून घेतली तिथेच जाऊन ती रद्द करावी लागते.”

तरीही सगळा दोष अण्णाच्या माथी मारायला ताई तयार नव्हती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘डार्क पॅटर्न्स’चे, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांचे, 13 प्रकार दिले आहेत. त्यांतल्या ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’मध्ये वर्गणी रद्द करण्याची वाट किचकट ठेवणे तर येतेच, पण फुकट वर्गणीसाठी पैसे भरण्याचे तपशील सक्तीने मागणे हेही येते. मग सात फुकट दिवसांसाठी पहिल्याच दिवशी कार्ड मागितले जाते, ते कशात बसते? हिंजवडीकराच्या मते चाचणीकाळ संपण्याची तारीख ठळक लिहिलेली असेल तर त्याला सापळा म्हणता येणार नाही. ताईच्या मते तारीख कितीही ठळक असली तरी कार्ड आधीच घेण्यामागचा हिशेब ग्राहकाच्या विसराळूपणावरच बेतलेला असतो. माझे मत ताईच्या बाजूने पडले. शिकवण्याच्या दर्जावर ज्याचा विश्वास आहे, त्याने आठव्या दिवशी पैसे मागायला कचरू नये.

अखेर परताव्याची मागणी आधी कंपनीकडे लेखी करायची, दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची, आणि ई-मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापण्याला दिलेली संमती, बँकेच्या ॲपमधून आजच रद्द करायचे, असे ठरले. अण्णा ते रद्द करत असताना हिंजवडीकराने हळूच विचारले की परतावा मिळालाच नाही, तर उरलेले अकरा महिने ते खाते अण्णा स्वतःच का वापरत नाही; त्यावर अण्णाने त्याला चहाचे पैसे भरायला लावले.