शंभराचे आठशे

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संचाचा, सिग्नल वाढवणारा जुना अ‍ॅम्प्लिफायर गाडीत ठेवताना विकणारे गृहस्थ म्हणाले, "कंबर सांभाळा." त्यांच्या सगळ्या बोलण्यात तेवढंच एक वाक्य पुढे खरं ठरलं. बाकी "नुसती वायर लावा आणि सुरू करा" वगैरे ऐकायला छान होतं.

पडून राहिलेल्या ट्यूबवाल्या यंत्राला नुसती वायर लावायची नसते. जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं तर ते फुटू शकतात. म्हणून ट्यूबा काढून ठेवायच्या आणि हवा तेवढाच विद्युतदाब देणाऱ्या व्हेरिअ‍ॅकने व्होल्टेज तासन्‌तास, इंचाइंचाने चढवायचं. झाकण उघडायचं तर आधी प्लग काढायचा, ब्लीडर रेझिस्टरला कपॅसिटर रिकामे करू द्यायचे, मग अर्थ केलेली दांडी ट्यूबच्या प्लेटच्या जोडणीला टेकवून खात्री करायची. आत तीन हजारांच्या आसपास व्होल्ट दबा धरून बसलेले असतात, आणि ब्लीडर तुटलेला असला तर प्लग काढल्याचं त्यांना कुणी कळवलेलं नसतं. जाणकार सांगतात, काम करताना एक हात खिशात ठेवा. मी दुसराही खिशात घालून बराच वेळ नुसता बघत उभा होतो.

सुरू मात्र झाला. ३-५००झेड या ट्यूबच्या जोडीची फिलामेंटं उजळली, पुढे प्लेटा मंद लाल झाल्या. घरचे "पेटलं, पेटलं" करत धावले. या ट्यूबची प्लेट लाल व्हायलाच हवी, त्या उष्णतेत आतला उरलासुरला वायू शोषला जातो, असं मी समजावलं. पाण्याची बादली तरीही दाराशीच राहिली. तीन हजार व्होल्टशेजारी पाण्याची बादली!

दुखणं वेगळंच होतं. अ‍ॅम्प्लिफायर स्टँडबायवर, म्हणजे काम न करता नुसता मधे, असला की रिसीव्हर मधेच बहिरा व्हायचा. कॅबिनेटवर थाप मारली की पुन्हा ऐकू यायचं. ओळखीच्या हॅम मंडळींनी हिरिरीने निदानं केली. एकाला ट्यूब गेल्याची खात्री होती. ऐकताना सिग्नल ट्यूबमधून जातच नाही, पण कुणाच्या खात्रीच्या आड मी येत नाही. दुसऱ्याने ट्रान्सफॉर्मर बदलायला सांगितला. तो उचलायला स्वतः येणार नव्हता.

चोर निघाला अँटेनाचा रिले, म्हणजे अँटेना कधी ऐकण्याला, कधी बोलण्याला जोडणारा स्विच. ऐकण्याच्या बाजूच्या कॉन्टॅक्टवर ऑक्साइड चढलं होतं. बोलताना जाणारे शंभर वॉट असला मळ जाळून वाट काढतात. अँटेनातून येणारे मायक्रोव्होल्ट बिचारे उंबऱ्यावरच थांबतात. पॉलिशपेपर घासायचा मोह होतो, पण त्याने चांदीचा मुलामाच जातो. साध्या कागदाची पट्टी कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये भिजवून अलगद ओढली. काळी निघाली. दुसरी कमी काळी निघाली. एवढ्या अवजड यंत्राचा आजार कागदाच्या कपट्याने बरा व्हावा, हे माझ्या कंबरेला अजून पटलेलं नाही.

मग डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर, ट्यून आणि लोडची बटणं फिरवत शंभर वॉटचे आठशे केले. म्हणजे वाढ ९ डेसिबलची. सिग्नलची ताकद मोजायचं एस-युनिट ६ डेसिबलचं, तेव्हा समोरच्याच्या मीटरवर सुई दीड घर पुढे. छाती काढून बँडवर गेलो. आधी अ‍ॅम्प्लिफायरशिवाय बोललो, मग तो लावून, आणि विचारलं, "फरक जाणवतोय?"

"हो, थोडा. आणि मागे पंख्याचा आवाज येतोय."