रिचार्जेबल सेल घेताना आकड्याला भुलू नका, वजन करून बघा

दिवाळीची खरेदी सुरू झाली की आमच्या मल्टीच्या, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीच्या, ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो: रिचार्जेबल सेल घ्यायचेत, स्वस्तातले चालतील का? दरवेळी तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा आज सगळं एकदाच लिहितेय. चालतील. कमी किमतीतही चांगले सेल मिळतात, आणि ज्या घरात लहान मुलं आहेत त्या घरात तर ते असायलाच हवेत. माझी अट एकच आहे. पाकिटावर सगळ्यात मोठा आकडा ज्याने छापलाय, त्याचा सेल घेऊ नका.

हा आकडा एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) असतो, म्हणजे सेलमध्ये किती साठा मावतो त्याचा. आपण ज्याला पेन्सिल सेल म्हणतो, त्या डबल एचं माप जगभर ठरलेलं आहे: जाडी साडेचौदा मिलिमीटर, लांबी साडेपन्नास. नेहमीचा रिचार्जेबल सेल निकेल मेटल हायड्राइड या प्रकारचा असतो, एवढ्याशा डबीत तो माल कोंबून कोंबून किती कोंबणार? सान्यो या जपानी कंपनीने २००५ साली एनेलूप हा रिचार्जेबल सेल बाजारात आणला, तेव्हा त्याची क्षमता २००० एमएएच होती. पुढे सान्यो पॅनासॉनिककडे गेली, सेल किती वेळा चार्ज होतो तो आकडा वाढत गेला, पण साध्या पांढऱ्या एनेलूपचा साठा तिथेच राहिला. त्यांचा काळा 'प्रो' आहे, तो २५०० चा. पण कंपनी स्वतःच सांगते की पांढरा २१०० वेळा चार्ज होईल आणि काळा ५०० वेळा. जास्त साठा भरायचा तर आयुष्य कमी होतं, हा सौदा त्यांनाही चुकलेला नाही.

म्हणून डबल एवर १९०० ते २५०० च्या दरम्यान काही लिहिलेलं असेल तर ते खरं असू शकतं. २७००-२८०० म्हणजे अगदी टोक. बारीक पेन्सिल सेल, म्हणजे ट्रिपल ए, ७०० ते ९०० मध्ये असतो, फार तर हजाराच्या थोडा वर. आता बाजारात किंवा मोबाइलवर बघा: ३३००, ४०००, कुठे कुठे त्याहूनही जास्त! निकेलच्या डबल एमध्ये एवढा साठा मावतच नाही. ज्याने पहिलाच आकडा खोटा छापला, त्याच्या 'हजार वेळा चार्ज होतो' या वाक्यावर तरी विश्वास का ठेवायचा?

याबद्दल मी आपल्या इंदूरच्या महाराणी रोडवरच्या एका दुकानदाराला विचारलं होतं. जुना, सरळ माणूस. त्याच्या काउंटरवर दोन्ही प्रकार होते. तो म्हणाला, "मैडम, लोग नंबर देख के उठाते हैं. दो हजार वाला पड़ा रहता है." हे ऐकून मला मनापासून वाईट वाटलं. प्रामाणिक आकडा छापणाऱ्याचा माल पडून राहतो आणि थापा मारणाऱ्याचा उचलला जातो, याला दुकानदार जबाबदार नाही, आपण आहोत. आपण मोठा आकडा मागतो म्हणून तो छापला जातो. उद्या पाच हजार मागितला तर तोही मिळेल, आत माल तोच.

मग ओळखायचं कसं? स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि सेल त्यावर ठेवा. निकेल मेटल हायड्राइडचा २००० एमएएचचा डबल ए साधारण २६-२७ ग्रॅम भरतो. २५०० चा असेल तर ३० च्या आसपास. ट्रिपल ए १२-१३ ग्रॅम. साठा जास्त म्हणजे आत धातू जास्त, आणि धातूला वजन असणारच. पाकिटावर ४००० आणि काट्यावर १८ ग्रॅम, असा सेल दिसला की समजायचं, आत माल अर्धाच आहे. मोबाइलवरून मागवला असेल तर पहिल्याच दिवशी वजन करा, म्हणजे परत पाठवायची मुदत हातात असते. दुकानातून घेत असाल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल दोन तळहातांवर घेऊन बघा. नऊ-दहा ग्रॅमचा फरक हाताला कळतो.

वजन बरोबर आलं म्हणजे सेल उत्तमच, असं मात्र नाही. साठा भरपूर असूनही नुसता ड्रॉवरमध्ये पडून रिकामा होणारा सेल घरात काय कामाचा? जुन्या पद्धतीच्या निकेल हायड्राइड सेलचं हेच दुखणं होतं, महिनाभरात पाचवा-चौथा हिस्सा आपोआप उडून जायचा. एनेलूपने बदल केला तो इथे, वर्षभर ठेवूनही बराचसा साठा शिल्लक राहायला लागला. आता हे तंत्र इतर कंपन्यांकडे आणि स्वस्त सेलमध्येही आलंय. पाकिटावर 'प्री-चार्ज्ड' किंवा 'रेडी टू यूज' लिहिलेलं असेल तर तो बहुधा या जातीचा. २००० चा प्री-चार्ज्ड आणि २८०० चा साधा, दोन्ही एकाच किमतीत मिळत असतील तर मी डोळे मिटून २००० चा घेईन.

आणखी एक खूण पाकिटावरच असते. भारतात विकल्या जाणाऱ्या रिचार्जेबल सेलला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची आहे. आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असायला हवा. तो 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये टाकला की कुणाच्या नावाने नोंद आहे ते दिसतं. हे मानक सुरक्षिततेचं आहे, साठ्याच्या आकड्याची हमी त्यातून मिळत नाही. पण ज्या पाकिटावर हा क्रमांकच नाही, तो सेल मी मुलांच्या खेळण्यात घालणार नाही.

आता चार्जर. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण बहुतेक घरांत सेल बिघडतो तो चार्जरमुळे आणि शिव्या खातो सेल. पाकिटाबरोबर जवळजवळ फुकट मिळणारा चार्जर बघा. दोन-दोन सेलच्या जोडीनेच चालतो, लाल दिवा लागतो तो लागूनच राहतो, सूचनेत 'दहा ते पंधरा तास' एवढंच लिहिलेलं असतं. सेल भरला की थांबायचं, हे त्याला कळत नाही. जोडीतला एक सेल आधी भरला तरी दुसऱ्यासाठी त्याच्यात वीज ढकलणं चालूच. रात्री लावलेला सेल सकाळी हाताला चटका बसेल इतका तापलेला असेल तर त्याचं आयुष्य कमी होतंय. चांगल्या चार्जरमध्ये प्रत्येक सेलचा दिवा वेगळा असतो आणि एकटा सेलही चार्ज होतो. निकेलचा सेल पूर्ण भरला की त्याचा व्होल्टेज किंचित खाली येतो. हा उतार ओळखून चार्जर आपोआप थांबतो. बजेट कमी असेल तर सेल देशी ब्रँडचे मध्यम घ्या, चार्जर मात्र चांगला घ्या. उलटं करू नका. महागडे सेल फुकटच्या चार्जरमध्ये घालणं म्हणजे पैठणी धुण्याच्या दगडावर धोपटणं.

आपल्या इंदूरच्या मे महिन्यात तर आणखी जपायला हवं. बाहेर ४२ डिग्री असताना बंद गॅलरीत किंवा फ्रिजच्या डोक्यावर चार्जर लावून ठेवू नका. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत लावा, सकाळी लवकर लावलात तर उत्तम. आणि साधे किंवा अल्कलाइन सेल त्या चार्जरमध्ये कधीच घालू नका, ते गळतात, फुटूही शकतात. मुलांना हे एकदा नीट समजावून ठेवा.

"पण मॅडम, रिचार्जेबल तर १.२ व्होल्टचा, साधा दीड व्होल्टचा, मग हा कमजोरच ना?" हा प्रश्न माझ्या वर्गातली मुलंही विचारतात, मी शाळेत फिजिक्स शिकवते. साधा सेल दीडवर सुरू होतो खरा, पण वापर सुरू झाला की उतरत उतरत ०.९ पर्यंत येतो. निकेलचा सेल बहुतेक काळ १.२ च्या आसपास टिकून राहतो आणि शेवटी एकदम उतरतो. जास्त वीज खेचणाऱ्या खेळण्यात तो साध्यापेक्षा दमदार चालतो. काही मोजकी यंत्रं मात्र १.२ बघून 'बॅटरी लो' दाखवतात. घरातल्या आजी-आजोबांच्या बीपी मशीनच्या पुस्तिकेत कुठला सेल घालावा ते लिहिलेलं असतं, तेच पाळा. तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.

सगळीकडे रिचार्जेबल घालायची हौसही नको. भिंतीवरच्या घड्याळाला साधा सेल वर्षभर पुरतो, टीव्हीच्या रिमोटचंही तसंच. तिथे रिचार्जेबलचे पैसे वसूल व्हायला कित्येक वर्षं लागतील. गॅस गीझरचे जाडे सेलसुद्धा अल्कलाइनच ठेवा. ज्या वस्तूचा सेल महिन्या-दोन महिन्यांत संपतो ती शोधा: रिमोटची गाडी, गेमचा कंट्रोलर, टॉर्च, कॅमेऱ्याचा फ्लॅश, गणपतीच्या कार्यक्रमातला कॉर्डलेस माइक. महिन्याला चार अल्कलाइन सेल लागत असतील तर शंभर-दीडशे रुपये जातातच. चार चांगले सेल आणि बरा चार्जर मिळून साधारण वर्षभरात वसूल होतात, आणि त्यानंतर खर्च फक्त विजेचा. एक सेल भरायला पाच वॉट-तासांपेक्षा जास्त वीज लागत नाही. आठ रुपये युनिट धरलं तर चार पैसे.

हल्ली लिथियमचे दीड व्होल्टचे पेन्सिल सेलही आलेत, थेट यूएसबीची वायर लावून चार्ज होणारे. सेल वाईट नाहीत, पण त्यांचा आकडा नीट वाचा. त्यावर ३६०० असं ठळक लिहिलेलं असतं आणि शेजारी बारीक अक्षरांत एमडब्ल्यूएच (मिलिवॉट-तास), एमएएच नव्हे. सेल दीड व्होल्टचा, म्हणून दीडने भागा, २४०० एमएएच उरतात. निकेलशी तुलना करायची तर २००० एमएएच गुणिले १.२, म्हणजे २४०० एमडब्ल्यूएच. लिथियम पुढे आहे, पण पाकीट दाखवतं तेवढा नाही. शिवाय तो संपताना सूचना देत नाही, दीडवर चालता चालता एकदम बंद. टॉर्चमध्ये हे लक्षात ठेवा. त्याच्या आतल्या सर्किटमुळे रेडिओत खरखरही येऊ शकते.

ज्यांच्याकडे व्होल्टेज मोजायचा मीटर आहे त्यांनी सेलची खरी परीक्षा घरीच घ्यावी. एक वॅटचा ४.७ ओहमचा रेझिस्टर महाराणी रोडवर अगदी किरकोळ पैशांत मिळतो. नवा सेल दोन-तीनदा चार्ज करून वापरा, मग पूर्ण भरून त्याला हा रेझिस्टर जोडा. साधारण २५० मिलिअँपिअर वाहतात. मीटरवर एक व्होल्ट दिसेपर्यंत वेळ मोजा. २००० चा प्रामाणिक सेल आठ तासांच्या आसपास चालतो. ४००० चा खरा असता तर सोळा तास चालला असता. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांनी हे करून पाहिलं, तेव्हा ४००० छापलेल्या एका सेलने साडेतीन तासांतच मान टाकली. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. त्यातल्या एकाने संध्याकाळी घरी जाऊन वडिलांच्या दुकानातले सगळे सेल तोलून काढले.

चारच्या सेटमधले सेल नेहमी एकत्र वापरा, एकत्र चार्ज करा. त्यावर मार्करने तारीख लिहून ठेवा. जुना आणि नवा मिसळला की कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याला उलटा चार्ज करतात आणि तो कायमचा जातो.

आणि सेल खरंच संपला की? आपल्या शहरात सहा प्रकारे कचरा वेगळा होतो, तर सेल ओल्या-सुक्यात टाकायचं काहीच कारण नाही. घातक किंवा ई-कचऱ्याच्या डब्यासाठी वेगळा ठेवा, टोकांवर चिकटपट्टी लावून गाडीवाल्या दादांना सांगून द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार असे छोटे सेलही गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कुठल्या दुकानात जुने सेल परत घेत असतील तर मला जरूर कळवा, मी यादी करून ग्रुपवर टाकेन.

राजेंद्रनगर आणि आसपासच्या ज्यांना आपले सेल तपासून हवे असतील त्यांनी रविवारी सकाळी घेऊन यावेत. काटा, मीटर, रेझिस्टर सगळं माझ्याकडे आहे. फक्त आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून आणा आणि पाकीट असेल तर तेही आणा, म्हणजे छापलेला आकडा आणि मोजलेला आकडा शेजारीशेजारी लिहिता येईल.