पाळीचा धडा दहावीत कशाला?

शहापूरच्या शाळेत जुलै 2025 मध्ये काय झालं ते आठवत असेलच. स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून पाचवी ते दहावीच्या मुलींना हॉलमध्ये गोळा केलं, डागांचे फोटो पडद्यावर दाखवले, पाळी कुणाकुणाची चालू आहे ते विचारलं आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलींना कपडे उतरवायला लावून तपासलं. मुख्याध्यापिकेला पॉक्सोखाली अटक झाली. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही संताप उसळला. तो जरा ओसरल्यावर मी लिहिलं की, पाळी म्हणजे काय हे मुलामुलींना चौथी-पाचवीतच शाळेने सांगायला हवं. लगेच काकांचं उत्तर आलं, ‘‘तुमचं तिकडचं तिकडेच ठेवा. आपल्याकडे ही थेरं नकोत.’’

तिकडचं म्हणजे इंग्लंडचं. मी रेडिंगला राहतो, मुलगी इथल्या प्राथमिक शाळेत जाते. काकांच्या मनातलं इंग्लंड आणि हे इंग्लंड यांत बरंच अंतर आहे. इथले पालकही भांडतात. 2019 मध्ये बर्मिंगहॅमच्या प्राथमिक शाळांबाहेर पालकांची निदर्शनं झाली, प्रकरण कोर्टात गेलं. तिथे वाद समलिंगी कुटुंबांबद्दलच्या धड्यांचा होता. पण लैंगिक शिक्षण किती आणि कितव्या वर्षी, यावरही सरकारं बदलली की नियमावलीचा मसुदा बदलतो.

तरी एक गोष्ट इथे शहाणपणाने केली आहे. सप्टेंबर 2020 पासून प्राथमिक शाळेत आरोग्य शिक्षण सक्तीचं झालं आणि वयात येताना शरीरात होणारे बदल, मासिक पाळी, हे सगळं त्यात घातलं. त्यातून मूल काढून घेण्याचा हक्क पालकांना नाही. लैंगिक संबंधांबद्दल शाळा वेगळं काही शिकवणार असेल तर त्या तासाला मात्र पालक नाही म्हणू शकतात. एक सक्तीचं, एक ऐच्छिक. मधली रेघ कायद्यानेच ओढली, त्यामुळे दुसऱ्यावरचं भांडण पहिल्याच्या अंगावर येत नाही.

आपल्याकडे नेमकं उलटं झालं. 2007 मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमातल्या चित्रांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो कार्यक्रमच बंद केला. चित्रं वयाला न शोभणारी असतील, तर बदलायची होती. त्यांच्यासोबत काखेतले केस, फुटलेला आवाज, पहिली पाळी, सगळंच बासनात गेलं. मग उरतं काय? दहावीच्या विज्ञान भाग 2 मधली मानवी प्रजननाची आकृती आणि मासिक पाळीचं चक्र. म्हणजे पंधराव्या वर्षी. मुलींमध्ये हे बदल साधारण आठ ते तेरा या वयात सुरू होतात. ज्या मुलीला पाचवीत पाळी आली, तिने पाच वर्षं थांबायचं? बरं, तो धडाही ‘घरी वाचून या’ म्हणत उरकणारे शिक्षक असतात, हे वाचकांना मी सांगायला नको.

इथल्या शाळेत धड्याआधी पालकांना बोलावून सगळं साहित्य दाखवतात. मीही गेलो होतो. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलेलो. स्लाइडवर रेखाचित्रं, अवयवांची खरी नावं, पॅड कसं लावायचं ते अंतर्वस्त्रावर चिकटवून. शेजारी चिठ्ठ्यांची पेटी. मुलांनी नाव न लिहिता प्रश्न टाकायचे, बाई उत्तरं देतात. गेल्या वर्षीच्या काही चिठ्ठ्या त्यांनी वाचून दाखवल्या. ‘पोहायला गेल्यावर काय करायचं?’ ‘छाती एकाच बाजूला आधी वाढली तर डॉक्टरकडे जायचं का?’ (नाही. सुरुवातीला असं होतंच.) ‘माझाच आवाज अजून का फुटला नाही?’ चवचाल असं त्यात काही नव्हतं, होती ती काळजी. आमच्यातल्याच एका कोल्हापूरकर वहिनींनी विचारलं, मुलग्यांना कशाला सांगायचं? बाई म्हणाल्या, मुलींना पाळी येणार ती याच वर्गात, मुलांच्या शेजारच्या बाकावर. वहिनींना ते पटलं की नाही, ठाऊक नाही.

फार कौतुकही नको. बऱ्याच शाळा हे जूनमधल्या एखाद्या दुपारी उरकतात, आणि शिक्षक लाजले तर स्लाइड भराभर पुढे सरकतात.

‘आपल्या संस्कृतीत हे नाही’ हे तर मला मुळीच पटत नाही. मुलीला न्हाण आलं की मखरात बसवून, ओटी भरून अख्ख्या आळीला कळवणारी संस्कृती आपलीच. लग्न आधीच लागलेलं असायचं, आता मुलगी सासरी धाडायला तयार झाली हे सांगायचा तो सोहळा. गावाला सगळं कळायचं, फक्त त्या पोरीला आपल्या शरीरात काय चाललंय ते कुणी सांगायचं नाही. आणि र. धों. कर्व्यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक चालवलं ते मुंबईत, मराठीत. त्यांच्यावर खटले झाले, 1934 मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. इंग्लंडहून आयात करावं असं यात फारसं काही नाही.

आता मुलग्यांचं. 2018 च्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड मिळायची सोय झाली, चांगलंच झालं. मुलग्यांसाठी काय? एसटी स्टँडच्या मुतारीतली आणि रुळांकडेच्या भिंतींवरची ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ची जाहिरात. झोपेत वीर्य गेलं म्हणजे आजार, अशक्तपणा, हे बाराव्या-तेराव्या वर्षी तीच शिकवते. माझ्या पिढीला तिनेच शिकवलं, आता तेच काम मोबाइल करतो. असं होणं नैसर्गिक आहे, औषध लागत नाही, हे सांगायला शाळेतल्या सरांना पाच मिनिटं लागतील.

काकांना मी एवढंच कळवलं आहे: संबंधांवरचा धडा हवा तर नंतर भांडून ठरवू, तोवर शरीराचा धडा दहावीतून पाचवीत आणा, मुलगे-मुली एकत्र बसवून. त्यांनी होकाराचा अंगठा पाठवलेला नाही. ग्रुपमधून काढलेलंही नाही.